परगावी मुरलेला चहा

चिपळूणच्या घरी मी सामान उघडले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो असा : "अरे, ही गोवरी कुठून आणलीस?" तिच्या विचारण्यात थट्टा नव्हती. पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, वीतभर रुंद, काळपट हिरवी, मधे फुगीर आणि कडेला निमुळती अशी ती चकती होती आणि पालथी केली की तिच्या मधोमध बेंबीसारखा एक खळगा दिसे. आमच्याकडे या आकाराची दुसरी वस्तू नाही. "आई, अगं चहा आहे तो," मी म्हणालो. तिने चकती नाकाशी नेली, दोनदा हुंगली आणि जपून टेबलावर ठेवली. "भिजून वाळलेल्या पेंढ्यासारखा वास येतोय," ती म्हणाली. चहाच्या जाणकारांनी त्या चकतीविषयी आजवर मला जे जे सांगितले, त्यात याहून अचूक वर्णन मी ऐकलेले नाही.

ही २०१२ च्या डिसेंबरातली गोष्ट. हाँगकाँगमधली तीन वर्षांची नोकरी संपवून मी परतलो होतो आणि माझ्या बॅगेत तशा तीन चकत्या होत्या, प्रत्येकी ३५७ ग्रॅम वजनाच्या, एकाच चवडीतल्या. चवडीत मुळात सात होत्या. सातही घेण्याइतके पैसे माझ्यापाशी नव्हते, म्हणून उरलेल्या चार शेउंग वान भागातल्या एका दुकानातच राहिल्या. एकाच डोंगरावरची, एकाच हंगामातली, एकाच दिवशी दाबलेली ती भावंडे पुढे तीन गावांत वाढली आणि तीन तऱ्हेची झाली.

या चहाचे नाव पू-अर. युन्नान हा चीनच्या नैर्ऋत्य टोकाचा प्रांत. म्यानमार, लाओस आणि व्हिएतनाम यांच्या सीमा त्याला भिडतात आणि मेकाँग नदी त्याच्यातून दक्षिणेला उतरते. तिथल्या डोंगरांवरचा माल ज्या गावच्या बाजारातून पुढे जाई, त्या गावाचे नाव चहाला चिकटले. २००८ मध्ये चीनने त्याची व्याख्या राष्ट्रीय मानकात बांधून दिली : युन्नानमधल्या नेमून दिलेल्या भागातली, मोठ्या पानांच्या जातीची आणि उन्हात वाळवलेली पत्ती असेल, तरच तो पू-अर. या मोठ्या पानांच्या जातीच्या शास्त्रीय नावात 'असामिका' हा शब्द आहे. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात आले-वेलचीबरोबर जी सीटीसी पत्ती उकळत असते, तिचे आणि याचे कूळ एकच. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर.

खुडलेली पाने थोडा वेळ सुकवून मोठ्या कढईत हाताने परततात. हिरवा चहा करतानाही परततात, पण तिथे उष्णतेने पानातली एन्झाइम जवळजवळ निकामी करायची असतात. इथे आच बेताची ठेवतात, मग पाने मळतात आणि भट्टीत न घालता उन्हात पसरतात, त्यामुळे पानात थोडी धुगधुगी शिल्लक राहते. अशा वाळलेल्या सुट्या पत्तीला माओछा म्हणतात. ती वजन करून धातूच्या नळकांड्यात भरायची, खालून वाफ द्यायची, मऊ पडली की कापडी पिशवीत ओतायची, पिशवीचे तोंड पिळून गाठ मारायची आणि दगडी वजनाखाली दाबायची. जुन्या पद्धतीत कारागीर त्या दगडावर स्वतः उभा राहतो आणि पायांनी डोलत डोलत चकती सगळीकडून सारखी करतो. आईला दिसलेली ती बेंबी म्हणजे पिशवीच्या गाठीचा ठसा होता. तयार चकत्या सात-सातच्या चवडीने बांबूच्या वाळक्या आवरणात बांधतात आणि अशा १२ चवडी एका करंडीत भरतात, की सुमारे ३० किलोंचे ओझे होते.

सातच का, असे विचारले की 'सात मुलग्यांची चकती' या तिच्या चिनी नावाचा दाखला मिळतो. भरल्या घराची, पुष्कळ संततीची ती शुभ खूण, आणि म्हणून लग्नकार्यात द्यायलाही चांगली. पण छिंग राजवटीने १७२९ मध्ये पू-अर हा स्वतंत्र परगणा केला, आणि १७३५ च्या नियमात युन्नानच्या चहाची चवड सात चकत्यांची व ४९ ल्यांग वजनाची असावी असे ठरवून तिच्यावर कर बसवला. मला वाटते आधी जकातदार आला असावा आणि सात मुलग्यांचा आशीर्वाद मागाहून.

या चहात पुढे काय होते हे सांगताना मराठी माणसाला अडखळावे लागत नाही. साध्या काळ्या चहाच्या कारखान्यात ज्याला आंबवणे म्हणतात ते खरे आंबवणे नव्हे. चिरलेले वांगे उघड्यावर काळे पडते तशी, पानातल्याच एन्झाइममुळे हवेतल्या प्राणवायूशी होणारी ती क्रिया आहे आणि काही तासांत ती आटोपते. पू-अरमध्ये मात्र बाहेरचे जीव वस्तीला येतात. बुरश्या, यीस्ट, जिवाणू वर्षानुवर्षे त्या दाबलेल्या पानांत आपला संसार करतात, पानातला कडवटपणा आणि तुरटपणा हळूहळू मोडतात आणि त्यातून नवीच द्रव्ये घडवतात. आपल्याकडे पीठ आंबते, दूध नासते, पाचोळा कुजतो आणि लोणचे मुरते. चारही ठिकाणी काम सूक्ष्मजीवांचेच आहे; कशाला मुरणे म्हणायचे आणि कशाला कुजणे, हे बरणी कुठे ठेवली होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष होते यावर ठरते. पू-अरची सगळी गोष्ट या दोन शब्दांमधल्या अरुंद बांधावरून चालते.

हाँगकाँगला गेलो तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. पहिल्याच रविवारी कचेरीतल्या सहकाऱ्यांनी मला सकाळच्या यम-छाला नेले. यम-छा म्हणजे शब्दशः चहा पिणे, पण टेबलावर येतात त्या वाफवलेल्या डंपलिंगच्या बांबूच्या टोपल्या, एकामागून एक. कोणता चहा असे विचारायला वाढपी आला आणि माझ्या वतीने कोणीतरी "पो-लेई" म्हणाले. पू-अरचा तो कँटोनीज उच्चार. किटलीतून पडलेला चहा काळ्या कॉफीइतका गडद होता आणि त्याला जो वास होता तो मी जन्मापासून ओळखत होतो : पागोळ्यांखालच्या मातीचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या माळ्याचा, घडी घालून ठेवलेल्या घोंगडीचा. ज्या वासाला आमच्या घरी भाद्रपदात खिडक्या उघडून आणि धुपाटणे फिरवून हाकलतात, तो वास इथे माणसे हौसेने पीत होती. चव मात्र वासाहून वेगळी निघाली : गुळगुळीत, दाट, कुठेही न बोचणारी. तिसऱ्या कपाला मला त्या वासाचा संकोच वाटेनासा झाला. किटलीचे झाकण कलते करून ठेवले की वाढपी न बोलावता गरम पाणी घालून जातो आणि कोणी आपला कप भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे, हे मी कँटोनीजचा एकही शब्द येण्याआधी शिकलो.

माझी पहिली समजूत अशी झाली की चिनी लोक आपला चहा पिढ्यानपिढ्या मुरवून पितात. ही समजूत चुकीची होती, आणि ती कशी चुकीची होती हे कळत गेले तसतसा या चहात माझा जीव गुंतत गेला.

ज्यांनी ही झाडे लावली त्यांच्याकडे चकत्या साठवून मुरवायची रीतच नव्हती. युन्नानच्या जिंगमाय डोंगरावरच्या जुन्या चहावनांना युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे ब्लांग आणि दाय लोकांची गावे आहेत आणि चहाची झाडे मोठ्या वृक्षांच्या सावलीत, जंगलाचाच एक थर असावा तशी वाढतात. ब्लांग लोक आपल्या आदिपुरुषाची एक गोष्ट सांगतात. मरतेवेळी तो म्हणाला, तुम्हाला गुरे ठेवून गेलो तर ती रोगराईत मरतील, सोनेचांदी ठेवली तर ती खर्चून संपेल, म्हणून चहाची झाडे ठेवून जातो. वारसा दिला तो झाडांचा. साठवलेल्या चहाचा त्यात उल्लेख नाही. त्या डोंगरांत चहा ताजाच पितात, कधी लहानशा मातीच्या भांड्यात निखाऱ्यावर भाजून त्यावर पाणी ओततात. ब्लांगांकडे आंबट चहा असतो, तो बांबूच्या नळीत ठासून जमिनीत पुरतात आणि पुढे खातात, पण ते आपल्या लोणच्याच्या जातीचे प्रकरण झाले.

चहा मुरला तो घर सोडल्यावर. तिबेटच्या पठारावर भाजीपाला जवळजवळ पिकत नाही आणि याकचे लोणी, मांस आणि सातूचे पीठ यांवर जगणाऱ्या माणसाला चहा लागतोच. तो मीठ आणि लोणी घालून घुसळतात. युन्नानचा चहा घोड्याखेचरांच्या तांड्यांवर लादून दाली, लिजियांग, देचिन असा डोंगरामागून डोंगर ओलांडत ल्हासाला जाई आणि त्या प्रवासात महिने जात. पावसात भिजून आणि घोड्याच्या घामाने दमट होऊन चहा वाटेतच मुरला, अशी एक रसाळ कथा सगळीकडे सांगतात. घोड्याचा घाम मी सोडून देतो, पण बंद करंडी, दमट दऱ्या आणि लांबलेले दिवस यांनी चहात काहीच केले नसेल असे मानणे अवघड आहे.

याच व्यापाराचा एक फाटा आपल्या देशातून गेला होता, हे मला फार उशिरा कळले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोहायचा, म्हणजे आजच्या मेंगहायचा, चहा तिबेटला पोचवायला सरळ उत्तरेचा डोंगररस्ता धरण्यापेक्षा उलट दक्षिणेला ब्रह्मदेशात उतरणे व्यापाऱ्यांना सोयीचे वाटे. केंगतुंगवरून रंगूनला, रंगूनहून बोटीने कलकत्त्याला, तिथून रेल्वेने सिलिगुडीला, मग कालिंपाँगला आणि तिथून पुन्हा खेचरांवर तिबेटात. युन्नानहून तिबेटला जाण्यासाठी बंगालचा उपसागर ओलांडायचा! नकाशावर बोट फिरवून पाहिले की हसू येते, पण आगबोट आणि रेल्वे यांच्यापुढे हिमालयाच्या वाटा महाग पडत होत्या. कलकत्त्याच्या दमट गोदामांत त्या चहाच्या किती करंड्या पावसाळाभर पडून राहिल्या असतील, याची मी उगाच कल्पना करत बसतो.

मुरवण्याचे खरे काम हाँगकाँगने केले, आणि तेही शौकाखातर नव्हे. तिथल्या उपाहारगृहांत सकाळपासून तेलकट, मांसाचे पदार्थ खाल्ले जात, त्यासोबत किटलीभर स्वस्त चहा लागे. युन्नानचा कच्चा चहा कडू आणि तुरट, रिकाम्या पोटाला न सोसणारा. गिऱ्हाईक तो पिईना, म्हणून दुकानदार तो गोदामात टाकून ठेवू लागले. हाँगकाँगची वर्षभराची सरासरी आर्द्रता ७५ टक्क्यांहून अधिक, त्यात तळमजल्यावरची, चढावाला टेकलेली बंद गोदामे. चहा तिथे भराभर नरमे. काही व्यापारी हे जाणूनबुजून अधिक दमट जागी करत, मग चहा वर काढून कोरड्या जागी त्याचा कुबटपणा जिरवत. यात कोणालाही आपण अमूल्य ठेवा घडवतो आहोत असे वाटत नव्हते. पो-लेई हा हॉटेलातला फुकटच्या भावाचा चहा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तैवानचे संग्राहक त्या गोदामांत पोचले, कोपऱ्यातल्या जुन्या चवडी त्यांनी उघडून प्यायल्या, वेष्टनांवरच्या शिक्क्यांच्या रंगांवरून त्यांना नावे दिली, आणि किटलीतल्या त्या चहाला लिलावाची किंमत आली. म्हणजे पिकवला एकाने, मुरवला हजाराहून अधिक किलोमीटर दूरच्या दुसऱ्याने आणि त्याचे मोल ठरवले समुद्रापलीकडच्या तिसऱ्याने. आज युन्नानच्या दुकानांतून 'जितका जुना तितका सुगंधी' हे वचन लावलेले असते, पण ते माहेरचे नाही, सासरहून परत आलेले आहे.

मागणी वाढली की वाट पाहणे परवडत नाही. १९७३ मध्ये कुनमिंगच्या सरकारी चहा कारखान्यातले लोक ग्वांगदोंगला जाऊन आले. हाँगकाँगच्या गिऱ्हाइकासाठी चहा लवकर काळा कसा करायचा याचे प्रयोग तिकडे आधीपासून चालू होते. परतल्यावर कुनमिंगने आणि पाठोपाठ मेंगहायने वो-दुई नावाची पद्धत बसवली. टनांनी माओछा फरशीवर ओतून सुमारे मीटरभर उंचीची रास करायची, तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि झाकून ठेवायचे. राशीच्या पोटात ५० ते ६० अंश सेल्सिअस इतकी ऊब धरते. ओल्या गवताच्या गंजीत हात घातलेल्या कोणालाही ही ऊब ठाऊक असते. काळी बुरशी, म्हणजे ॲस्परजिलस नायजर, आणि तिचे सोबती कामाला लागतात; रास फार तापू नये म्हणून अधूनमधून उलथतात आणि ४५ ते ६० दिवसांत वीस-तीस वर्षांचे काम उरकल्यासारखे होते. या झटपट मुरवलेल्या चहाला शोउ, म्हणजे पिकलेला, आणि जुन्या पद्धतीच्या चहाला शंग, म्हणजे कच्चा, असे म्हणतात. पहिल्या रविवारी मी प्यायलो तो बहुधा शोउच होता.

शोउला नावे ठेवण्याची शौकिनांत पद्धत आहे. अढीत पिकवलेला आंबा आणि पावडरने पिकवलेला आंबा असा भेद ते करतात. मला ही उपमा अन्यायाची वाटते, कारण वो-दुईत फसवणूक नाही. तिथेही काम त्याच सूक्ष्मजीवांचे आहे, फक्त वेळेऐवजी पाणी आणि ऊब वापरलेली आहे आणि रास कधी उलथायची हे हाताला कळावे लागते. एक दिवस चुकला तर आख्खी रास आंबट होते किंवा आत करपते. शिवाय शोउमुळे माझ्या आईसारख्या माणसालाही हा चहा पिता आला, पण त्याकडे नंतर येतो.

शेउंग वानच्या त्या दुकानात मी वर्षभर नुसताच जात होतो. दुकानदार साठीपुढचे गृहस्थ, मोजके इंग्रजी बोलणारे. एकदा फळीवरच्या चकतीवर ७५४२ हा आकडा पाहून मी मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, की ही १९७५ सालची दिसते. ते इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी पाहायला आल्या. मग त्यांनी कागदावर लिहून समजावले : ७५ म्हणजे तो मेळ ज्या साली ठरला ते साल, ४ म्हणजे पानाची प्रत आणि शेवटचा २ म्हणजे मेंगहाय कारखाना, कुनमिंगचा आकडा १, श्यागुआनचा ३. चकती कालची असली तरी तिच्यावर ७५४२ असू शकते. माझ्यासारख्यांच्या या अज्ञानावर कित्येकांची घरे चालत असतील, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला, पण ते बोलले नाहीत.

मी ज्या सात चकत्यांवर नजर ठेवून होतो त्या २००६ च्या होत्या, शंग जातीच्या, एका लहान कारखान्याच्या. त्यांनी त्या २००७ च्या सुरुवातीला घेतल्या होत्या, म्हणजे अगदी नको त्या वेळी. तेव्हा चीनभर पू-अरचे वेड पसरले होते. चहा न पिणारी माणसेही चवडी विकत घेऊन पलंगाखाली ठेवत होती आणि स्समाओ या शहराने तर त्याच वर्षी आपले नाव बदलून पू-अर करून घेतले. मे-जूनच्या सुमारास भाव कोसळले. पलंगाखालच्या चवडी तशाच राहिल्या. दुकानदार म्हणाले, की त्यांनी चढ्या भावाचा हा माल पाच वर्षे ठेवला आहे आणि तोट्यात विकण्यापेक्षा अजून पंधरा वर्षे ठेवणे त्यांना अवघड नाही. तरीही मी परत जाणार म्हणून त्यांनी चवड फोडून तीन दिल्या. देण्याआधी मात्र चौकशी केली : कुठे ठेवणार, गाव समुद्राजवळ आहे का, पाऊस किती महिने, घर दगडी की सिमेंटचे. मुलगी देताना स्थळाची करावी तशी ती चौकशी होती. मी पुणे आणि चिपळूण अशी दोन्ही गावे सांगितली. चिपळूणचा पाऊस ऐकून त्यांनी भुवया वर केल्या आणि एक चकती कोरडीकडे, एक ओलीकडे ठेवून पाहा, असे सुचवले. तिसरी प्या, म्हणाले.

त्या तिसरीविषयी. चकतीच्या कडेत दाभण खुपसून, पाने न मोडता सात-आठ ग्रॅमचा पापुद्रा सुटा करायचा, झाकणाच्या लहान वाटीत घालून त्यावर उकळते पाणी ओतायचे आणि ते पहिले पाणी लगेच फेकून द्यायचे. मग दहा-दहा सेकंदांची पाणी काढत जायचे, हळूहळू वेळ वाढवत. दहा-बारा वेळा तरी रंग उतरतो. सहा वर्षांचा तो शंग जिभेवर आधी कडू लागे, मग गालांच्या आतून तुरट, आणि गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून मागे गोडी येई. चिनी रसिक या परतणाऱ्या गोडीवर फार बोलतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. जुन्या शंगमध्ये याच कडूतुरटाची जागा कापराच्या, जुन्या लाकडाच्या वासाने घेतलेली असते. ती चकती २०१५ पर्यंत मी आणि मित्रांनी संपवली.

पुण्यातली चकती स्वयंपाकघरालगतच्या कपाटात होती आणि चिपळूणची माडीवरच्या लाकडी फडताळात, आईच्या पैठणीच्या खालच्या खणात. २०१९ च्या मार्चमध्ये कामासाठी चार दिवस हाँगकाँगला जाणे झाले, तेव्हा मी पुण्याच्या चकतीचा तुकडा डबीत घालून बरोबर नेला. दुकानदारांनी मला ओळखले. त्यांच्या चार चकत्यांपैकी दोन शिल्लक होत्या. त्यांनी दोन सारख्या वाट्यांत दोन्ही चहा मांडले. हाँगकाँगमध्ये राहिलेल्याचा रंग तांब्याच्या नव्या पातेल्यासारखा, पुण्यात राहिलेल्याचा मधासारखा. एकाचा कडवटपणा विरघळत आलेला, दुसऱ्याचा जसाच्या तसा, थोडा कोरडा झालेला. सव्वासहा वर्षांपूर्वी ही दोन पाने एका चवडीत शेजारी होती, यावर जिभेचा विश्वास बसेना. त्यांनी पुण्याचा चहा तोंडात घोळवला, थांबले, पुन्हा एकदा वाटीचे झाकण हुंगले आणि विचारले, की तुमच्या घरी जेवणात एखादा फार उग्र डिंक वापरतात का. हिंगाचा डबा त्याच कपाटात, वरच्या फळीवर होता. परत आल्या दिवशी मी चकती पुस्तकांच्या कपाटात हलवली.

चिपळूणच्या चकतीवर माझी खरी भिस्त होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि कौलारू माडी; मी दिवाळीत गेलो की फडताळ उघडून वास घेई आणि दर वर्षी पेंढा मागे पडून काहीतरी गडद, गोडसर पुढे येताना जाणवे. २०२० पर्यंत ती हाँगकाँगच्या बहिणीला गाठेल असे मला वाटू लागले होते. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. आमचा तळमजला गेला. माडीवर पाणी चढले नाही, पण भिंती कित्येक आठवडे ओल्या राहिल्या, विजेचा पत्ता नव्हता, आणि त्या दिवसांत चहाच्या चकतीची आठवण कोणाला होणार? गणपतीत मी फडताळ उघडले तेव्हा कागद चकतीला चिकटलेला होता. सोलला तर खाली पिवळट हिरवी लव. वरवर पांढरी बुरशी असती तर ब्रशने झाडून, उन्हात ठेवून पाहिले असते. ही आतपर्यंत गेली होती आणि वास कुजक्याचा होता. हाँगकाँगचे व्यापारी जे मोजून-मापून, कधी आत कधी बाहेर करत साधतात, ते पुराने एका दमात केले होते. मी चकती फोडून परसातल्या नारळाच्या आळ्यात टाकली. आई ओट्यावरून पाहत होती. "शेवटी गोवरीचंच काम केलं त्याने," ती म्हणाली, आणि त्या पुरानंतर पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिले.

त्यानंतर ती पुण्याला माझ्याकडे राहायला आली. सकाळचा तिचा चहा मी एकदा, पत्ती संपली म्हणून, शोउ घालून केला : दूध, साखर, किसलेले आले, सगळे नेहमीसारखे. शौकिनांनी ऐकले तर मला वाळीत टाकतील. पण तो दाट काळा रस दुधात अजिबात हरवला नाही, उलट बासुंदीला यावा तसा एक खमंगपणा आला. आईला आवडला. मला आधी ओशाळल्यासारखे झाले, मग आठवले की या चहाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक तो लोणी आणि मीठ घालून घुसळून पीत आले आहे. आता शोउचा डबा तिच्या ताब्यात असतो.

पुस्तकांच्या कपाटातली शंगची चकती यंदाच्या श्रावणात आम्ही बाहेर काढली. हिंग गेला आहे. आईने गोणपाट शिवायचे दाभण माझ्या हातातून घेतले, कारण मी पाने मोडतो असे तिचे म्हणणे, आणि कडेचा एक अखंड पापुद्रा अलगद उचलला. दुधाशिवाय, कपात, तिसऱ्या पाण्याचा चहा मी तिच्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि कप खाली ठेवला.

"कच्चाच आहे रे अजून," ती म्हणाली. "ठेव परत."

मी चकती पुन्हा कागदात गुंडाळली आणि कागदावर पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख घातली.